लाल दोऱ्याची मिरची

अंबड, ९ ऑगस्ट २०२४

चि. प्रियदर्शनीस,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत. नव्याची गरज पडली तर कळव. दिवाळीत आपण फोनवर भांडलो तेव्हा तूच म्हणाली होतीस, "दादा, तू बोलतोस त्यापेक्षा लिहितोस तेव्हा बरा असतोस." म्हणून हा कागद. शिवाय कागद मध्येच फोन ठेवून देत नाही.

विषय 'ओसरी' संस्थेचा आहे. तू कागदोपत्री अध्यक्ष आहेस आणि मी सचिव, म्हणजे तू सही करतेस आणि मी शिव्या खातो. ही व्यवस्था मावशीने, तुझ्या आईनेच लावून दिली, तेव्हा तक्रार नाही.

जालन्याचे कचरूलालजी उन्हाळ्यात गेले, हे तुला माहीत आहे. बावीस वर्षं त्या माणसाने ओसरीतल्या बायकांचं धान्य, तेल, औषध बिनबोभाट पोचवलं, आणि कधी साधी पाटी लाव म्हणाला नाही. आता त्यांचा नातू मयंक दुकानाच्या गादीवर बसला आहे. तो मागच्या गुरुवारी आला. पायात पांढरे बूट, हातात फोन. म्हणाला, "सर, बिलकुल साफ सांगतो. मार्चपर्यंत आमच्याकडून येत राहील. त्याच्यानंतर संस्थेनं स्वतःच्या पायावर उभं राहायचं. मी मदत करतो."

मदत अशी: आपल्या अडीच एकरांत शेडनेट उभारायचं, आणि बियाण्याच्या कंपनीसाठी संकरित मिरचीचं बी तयार करायचं. कळी उमलायच्या आत चिमट्याने तिच्यातला नर काढायचा, दुसऱ्या सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाची पूड लावायची. हे काम म्हणे बायकांच्या बोटांनाच जमतं. कंपनी बी घेणार, संस्था त्यावर चालणार.

ऐकायला गोड आहे. पण प्रियू, हे सांगता सांगता त्याने खिशातून टेप काढला आणि रस्त्याकडची बाजू मोजली. मिरची काय रस्त्याकडे तोंड करून उगवते? जालना-अंबड रस्त्यालगतच्या जमिनीकडे सध्या लोक कसे बघतात ते तुला नागपुरात बसून कळणार नाही. आणि मावशी जाऊन सात वर्षं झाली तरी जमीन अजून तिच्याच नावावर आहे. अकरा बायका आहेत तिथे. ते छप्पर गेलं तर त्यातल्या एकीलाही जायला दार नाही.

माझ्याशिवाय कशावर सही करू नकोस.

धर्मादादा

---

नागपूर, २० ऑगस्ट २०२४

ती. धर्मादादास,

नमस्कार. पत्र मिळालं, दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा फक्त हसण्यासाठी.

टेपने मोजल्याशिवाय नेट कसं उभारतात, हे एकदा मला समजावून सांग. तुझ्या वर्गात पैकीच्या पैकी मार्कांसाठी संस्कृत घेणारी चार पोरं उरली आहेत, म्हणून उरलेला वेळ तू संशय घेण्यात घालवतोस, असं माझं स्पष्ट मत आहे.

मयंकशी माझं बोलणं झालं. मुलगा हिशेबी आहे, पण लबाड वाटला नाही. आणि त्याचं चुकतं कुठे? एका घराच्या मर्जीवर अकरा बायका किती दिवस जगणार? ते घर उद्या पालटलं तर? आई असती तर तिनेही हेच केलं असतं.

करारावर मी सही केली आहे. रागावू नकोस. कागदाचं मी बघते, तू बायकांचं बघ. त्या तुझं ऐकतात.

मालनबाईंचा खोकला कसा आहे?

प्रियदर्शनी

---

अंबड, २७ ऑक्टोबर २०२४

चि. प्रियदर्शनीस,

सही केलीस आणि मग 'रागावू नकोस' लिहिलंस. बरं. मी रागावलेलो नाही, मी फक्त दोन महिने लिहिलं नाही.

मालनबाईंचा खोकला गेला. बाकीचं ऐक.

नेट उभं राहिलं. चारी बाजूंनी पांढरी जाळी, दोन दारं एकामागे एक, आणि बाहेर पाटी: 'परवानगीशिवाय आत येऊ नये.' मावशीने बावीस वर्षांपूर्वी वेगळा नियम केला होता, सचिवाच्या चिठ्ठीशिवाय कुणी बाई फाटकाबाहेर जाणार नाही. आता सचिवालाच आत जायला परवानगी लागते. मयंक म्हणाला, "सर, तुमच्या कपड्यांवरून दुसरी पूड आत येऊ शकते." माझ्या कपड्यांवर खडूची पूड असते. तिने मिरची शिकून जाईल, एवढीच भीती.

उषाबाईंनी स्वयंपाकघरामागे लावलेली मिरचीची दहा झाडं त्याने उपटायला लावली. मधमाश्या तिकडची पूड इकडे आणतात म्हणे. उषाबाई म्हणाल्या, "आता मिरची इकत आणायची का? मिरचीच्या रानात बसून?" 

बायका मात्र कामात रमल्या आहेत. मालनबाई तर पहाटेच चिमटा घेऊन तयार. पूड लावली की त्या फुलाच्या देठाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे कळतं की हे काम झालेलं आहे. आणि इथेच मला खटकलं. ज्या फळाला दोरा नाही, ते तोडून फेकायचं. मी जाळीच्या बाहेरून पाहिलं, प्रियू. हिरवीगार, बोटभर मिरची घमेल्यांनी बाहेर येते आणि मयंकच्या टेम्पोतून जाते. कुठे जाते? 'खड्ड्यात टाकतो' म्हणतो. मी टेम्पोचा नंबर लिहून ठेवला आहे.

जरा विचार कर. निम्मं पीक फेकायला लावायचं, वर्षअखेर उत्पन्न कमी दाखवायचं, मार्चमध्ये म्हणायचं की संस्थेला जमलं नाही. मग जमिनीचा प्रश्न काढायचा. काढला नाही तरच नवल, कारण मंगळवारी मोजणीवाले आले होते. सरकारी. साखळी, खुंट्या, सगळं घेऊन. अर्ज कुणाचा विचारलं तर म्हणे, ऑफिसात या.

मी माझ्या परीने बंदोबस्त केला. संध्याकाळी सगळ्या बायका ओसरीवर बसल्या होत्या, त्यांना सांगितलं, "आजपासून एकही फळ फेकायचं नाही. झाडाला आलेलं सगळं ओसरीचं आहे." त्यांनी माना डोलावल्या. तू म्हणालीस ते खरं, माझं ऐकतात.

धर्मादादा

---

नागपूर, ५ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,

मोजणीचा अर्ज मी केला आहे. कारण आत्ता सांगता येणार नाही. मयंकचा त्यात काही संबंध नाही.

शेतीच्या कामात तू पडू नकोस, एवढं ऐक. टेम्पोचे नंबर लिहिणं बंद कर.

प्रियदर्शनी

---

अंबड, १२ नोव्हेंबर २०२४

श्रीमती प्रियदर्शनी यांस,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. इतकं थोडक्यात तू फक्त खोटं बोलताना लिहितेस. सातवीत असताना माझी सायकल विहिरीत गेली तेव्हाही तू असंच सांगितलं होतंस, "सायकल नाही. कारण विचारू नकोस."

म्हणजे मी ज्याच्यावर पाळत ठेवत होतो तो पाहुणा, आणि मोजणी घरच्याच माणसाने मागवलेली. मावशी गेली तेव्हा अंत्यविधी झाल्यावर तू मालनबाईंच्या गळ्यात पडून म्हणाली होतीस, "तुम्हाला इथून कुणी उठवणार नाही." मी तिथे होतो. त्या बाईने ते वाक्य सात वर्षं उशाशी ठेवलं आहे.

विकायची असेल तर सरळ लिही. माझा विरोध पोस्टाने नाही, समोर येऊन होईल.

धर्मराज

---

नागपूर, ३ जानेवारी २०२५

ती. धर्मादादास,

सोबत नोंदवलेल्या बक्षीसपत्राची प्रत जोडली आहे. तू वाचशीलच, समासात चुका काढत.

जमीन आता ओसरीची आहे. आईच्या नावावरून आधी आम्हा दोघा भावंडांच्या, माझ्या आणि भारतच्या नावावर, आणि ३० डिसेंबरला आमच्याकडून संस्थेच्या नावावर. मोजणी त्यासाठी होती. भारतला रस्त्याकडचा तुकडा हवा होता. त्याला पुण्यात जाऊन चार वेळा समजावलं. मधल्या काळात तुझ्याकडून अंबडात कुणाला कळलं असतं, तर एखादं गिऱ्हाईक भारतच्या दारात उभं राहिलं असतं आणि तो फिरला असता. तुझ्या पोटात काही राहत नाही, दादा. चांगुलपणाने राहत नाही, पण राहत नाही.

त्या दिवशी सहीसाठी मी अंबडला आले होते. रजिस्ट्री ऑफिसातून तुझी शाळा दिसते. आत आले नाही. 'श्रीमती' वाचल्यावर येववलं नाही.

ओसरी आता कुणी विकू शकत नाही. पण नुसती जमीन जेवायला घालत नाही, हे लक्षात ठेव. मार्चनंतर बायका तिथे राहतील की नाही, ते त्या मिरचीवर आहे. बी चांगलं निघालं तर कंपनी पुढच्या वर्षाचं काम देईल. नाही निघालं तर मी एकटी पगारावर अकरा जणींचं बघू शकत नाही, आणि तूही नाही. मग जिला जिथे जागा मिळेल तिथे धाडावं लागेल. कुणाला बीडला, कुणाला लातूरला.

प्रियदर्शनी

---

अंबड, २ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रियू,

तू शाळेच्या दारावरून गेलीस त्या वेळी मी आत पोरांना क्षमा या विषयावर निबंध सांगत होतो. यापुढे काही लिहीत नाही. त्या पत्राबद्दल तू मला जन्मभर टोमणे मारू शकतेस. मी उत्तर देणार नाही, हा माझ्या बाजूने मोठा त्याग समज.

आता ज्यासाठी बसलो आहे ते. 

तोडणी झाली. लाल मिरची फोडून, धुऊन, बी वाळवून झालं. मयंकच्या अंदाजाच्या दीडपट बी निघालं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, म्हटलं आता याचा चेहरा पडतो का बघू. पडला. पण मी समजलो होतो तसा नाही. तो बराच वेळ ताडपत्रीवरचं बी हातात घेत राहिला. मग म्हणाला, "सर, हे जास्ती आहे. इतकं येत नसतं." मी म्हणालो, "बायकांनी मन लावून केलं." तो म्हणाला, "मन लावून निवडलं की कमीच येतं, सर." आणि बी सील करून ओसरीतच ठेवून गेला. पुढच्या सोमवारी, दहा तारखेला, कंपनीची गाडी येईल म्हणाला.

मला राहवलं नाही. संध्याकाळी मालनबाईंना गाठलं. "काय हो, बिनदोऱ्याच्या फळांचं तुम्ही शेवटी काय केलं?"

"टाकली न्हाईत, सर. तुम्हीच म्हणल्ते ना."

"मग?"

"मंग काय? तुम्ही म्हणले फेकायचं न्हाई. मयंकभाऊ म्हणले दोरा न्हाई ते घ्यायचं न्हाई. दोघायचंबी ऐकलं. दोरा बांधला."

"सगळ्यांना?"

"एकूणएक. द्वारकाबाईनं अन् मी. चार रिळं गेली." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "का हो सर? काही चुकलं का?"

प्रियू, बिनदोऱ्याचं फळ म्हणजे ज्याला पूड लागलीच नाही, आपल्याच झाडाचं आपणच धरलेलं. त्याचं बी संकरित नसतं. ते मला परवा पहिल्यांदा कळलं, शेजारच्या गावच्या एका शेतकऱ्याला विचारल्यावर. जी गोष्ट बियाण्याच्या कामातल्या पोराला माहीत असते ती मला पाच महिन्यांत विचाराविशी वाटली नव्हती, कारण उत्तर मला आधीच माहीत होतं: मयंक चोर आहे.

आता दोन्ही बी एकमेकांत मिसळलं आहे. डोळ्याने ओळखता येत नाही. सील मयंकचंच आहे. कंपनी ते तपासायला पेरणार, त्याला म्हणे तीन-चार महिने लागतात. तोवर मार्च निघून जाईल, कदाचित थोडे पैसे हातातही पडतील. तपासणीत काय निघेल कोण सांगावं? थोडंफार तर सगळ्यांचंच बिघडत असेल. मी हे तुला लिहितो आहे आणि लिहिताना माझं मलाच वाचवत नाही. पण सांगितलं तर आजच सगळं संपतं. अकरा जणींच्या पेट्या बांधायला मी उभा राहू शकत नाही.

काय करू?

धर्मादादा

---

नागपूर, ६ फेब्रुवारी २०२५

दादा,

ते बी पाकिटात भरून शेतकऱ्याच्या रानात गेलं तर? तपासणीत सापडलंच नाही तर?

मला उत्तर लिहीत बसू नकोस. जालन्याला जा.

प्रियू

---

अंबड, २१ मार्च २०२५

प्रिय प्रियू,

तुझी चिठ्ठी शनिवारी दुपारी हातात पडली, आणि सोमवारी गाडी यायची होती ती कंपनीने आठवडाभर पुढे ढकलली होती. म्हणजे माझ्याकडे पळ काढायला आणखी आठवडा होता. त्यातले दोन दिवस मी वापरले. रविवारभर मयंकला काय सांगायचं ते लिहून काढलं, तीन वेळा. तिसऱ्या मसुद्यात दोष माझा कमी आणि परिस्थितीचा जास्त झाला होता. तो फाडला आणि सोमवारी सकाळच्या एसटीने जालन्याला गेलो.

नव्या मोंढ्याच्या बाजारात कचरूलालजींच्या जुन्या दुकानात मयंक बसतो. दारात चपला काढताना शेजारी एक ओळखीचा जोड दिसला, टाचेशी सुतळीने शिवलेला. आत खुर्चीवर मालनबाई. समोर चहा, बशीत ओतलेला.

मी म्हणालो, "तुम्ही? चिठ्ठीशिवाय?"

त्या म्हणाल्या, "पहिल्या गाडीनं आल्ते. सर, तुमी बसा."

नऊ वर्षांत ती बाई फाटकाबाहेर पडली नव्हती. आणि जे सांगायला मी तीन मसुदे केले ते तिने माझ्या आधी येऊन सांगून टाकलं होतं. मयंकने मला पाणी दिलं. राग होता, पण तो आवाजात नव्हता, हातात होता. पेला जरा जोरात ठेवला.

"मालनमावशी म्हणतात, दोरे आम्ही बांधले. मी म्हणलं, पण सांगितलं कुणी? तर सांगत न्हाईत."

मालनबाई म्हणाल्या, "मंग? बांधले तर आमीच ना."

तेव्हा मी सांगितलं. उभं राहूनच. वर्गात पोराला उभं करतो तसं. कोणत्या संध्याकाळी, काय शब्दांत, आणि का. 'का' हे सांगणं सर्वांत अवघड गेलं, कारण ज्याच्यावर संशय होता त्यालाच सांगायचं होतं.

त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "सर, तुम्ही माझ्या टेम्पोचा नंबर लिहून घेत होते, दिसत होतं मला. आमचे दादाजी म्हणायचे, सर तपासून बघतात म्हणून संस्था साफ आहे. म्हणून मी बोललो न्हाई. बोलायला पायजे होतं."

ते बी गेल्या आठवड्यात कंपनीच्या माणसासमोर जाळलं. सगळं. मिरचीच्या धुराने सात-आठ जण खोकत उभे होतो, आणि बायका एका बाजूला, पदर नाकाला लावून. कंपनीने पुढच्या हंगामाचं काम नाकारलं. मयंकने घासाघीस केली नाही. त्याचंही नाव खराब झालं आहे.

मार्चअखेर धान्य बंद, तेही ठरल्याप्रमाणे. त्याने मुदत वाढवली नाही. मी विचारलंही नाही.

मग? पुढचं त्या दिवशी दुकानातच ठरलं. निघताना मयंक सहज म्हणाला, बदनापूरकडे उन्हाळी काकडीची नेटं उभी आहेत, क्रॉसिंगला, म्हणजे पूड लावायला, हात मिळत नाहीत, शेतकरी गाडी पाठवायला तयार आहेत, पण बाहेरच्या अनोळखी बाया नकोत त्यांना, कामाच्या पक्क्या हव्यात. मी आपलं चटकन म्हणालो, "आमच्या बायका बाहेर जात नाहीत. संस्थेचा नियम आहे."

मालनबाईंनी बशी खाली ठेवली. "आता आलेच की मी बाहेर," त्या म्हणाल्या. आणि मयंककडे वळून, "किती जणी पायजेत?"

सहा जणी जातात. सकाळी सहाला जीप येते, बाराच्या उन्हाआधी परत. उरलेल्या पाच जणींत तिघी थकलेल्या, दोघी घर बघतात. आलेल्यातला निम्मा वाटा ओसरीत टाकायचा हे त्यांनी आपापसात बसून ठरवलं. मला बोलावलं ते ठरून झाल्यावर, इतिवृत्त लिहायला. त्यात एक ठराव असा: पिकाच्या आणि कामाच्या बाबतीत सचिवांनी परस्पर सूचना देऊ नयेत. सूचक मालनबाई, अनुमोदक उषाबाई. मी माझ्याच अक्षरात लिहिला, शुद्ध लिहिला. उषाबाई म्हणाल्या, "सर, वाईट वाटून घेऊ नका." मी म्हणालो, वाटून घेतो आहे, पण त्यामुळे ठराव बदलू नका.

पुरतं का? अजून सांगता येत नाही. उन्हाळा निघेल. पावसाळ्यात काय, ते माहीत नाही. एक जण पुन्हा रोज खोकते, मालनबाईच. मयंकबद्दल माझं मत विचारशील तर तो अजूनही रस्त्याकडच्या बाजूला बघत उभा राहतो, आणि मी अजूनही बघतो की तो बघतो आहे. सवय जाईल हळूहळू, किंवा नाही जाणार.

कालची गोष्ट सांगून संपवतो. शेतकऱ्याबरोबर कागद करायचा होता: किती दिवस, किती जणी, गाडी कुणाची, दुखलंखुपलं तर काय. मालनबाई सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. भाषा त्यांचीच ठेवली, एक समाससुद्धा घुसडला नाही. लिहून झाल्यावर मी पेन त्यांच्याकडे केलं.

त्यांनी घेतलं नाही. कागद आधी द्वारकाबाईंकडे दिला. द्वारकाबाई सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत, हे मला कालपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून एकेक ओळ वाचली, मोठ्याने. दोन ठिकाणी थांबल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. एका ठिकाणी मला खाडाखोड करून नीट लिहायला लावलं.

मग मालनबाईंनी सही केली.

धर्मादादा